मदत हवी आहे: हातपंपाच्या पाण्यात नायट्रेट, कॅन्सरशी संबंध असेल का?

नमस्कार मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीच्या पट्ट्यात. आमच्या हातपंपाचा रिपोर्ट आला. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आमचं जवळपास दुप्पट. पंपाला खेटून उकिरडा, पलीकडे युरिया पडणारं वावर, नवल कसलं!

आळीत पोटाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरचे पेशंट वाढलेत. लोक सरळ पाण्याला दोष देतात. मला ते इतकं सोपं वाटत नाही. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तर घरोघरी आहे. पण नायट्रेटपासून पोटात नायट्रोसो संयुगं (कॅन्सरला कारण ठरू शकणारी रसायनं) बनू शकतात, आणि तशा परिस्थितीत पोटात गेलेलं नायट्रेट बहुधा कर्करोगकारक असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था म्हणते.

रिपोर्टात कीटकनाशकांचा रकानाच नाही. ती तपासणी विदर्भात कुठे होते? खर्च किती? उकळून नायट्रेट जात नाही, मग आरओशिवाय काय करता येईल?