मदत हवी आहे: प्लास्टर निघालं पण लेकीचा कोपर सरळ होत नाहीये

नमस्कार मंडळी, माझी मुलगी ६ वर्षांची, महिन्यापूर्वी घसरगुंडीवरून हात टेकून पडली आणि उजव्या कोपराच्या जरा वर फ्रॅक्चर झालं, सुप्राकॉन्डायलर म्हणतात ते. हाड सरकलेलं म्हणून भूल देऊन बाहेरून दोन वायरी घातल्या, ४ आठवडे प्लास्टर, गेल्या सोमवारी वायरी ओपीडीतच पकडीने काढल्या (तिच्यापेक्षा मीच जास्त रडले). एक्सरेत हाड छान जुळलंय, बोटं मस्त हलतात, पण कोपर काटकोनातच अडकलाय, पोळीचा तुकडा डाव्या हाताने तोडते आणि उजवा हात पोटाशी धरून फिरते, हात लावू देत नाही.

डॉक्टर म्हणतात घाई नको, मुलांचा कोपर वापरून वापरून हळूहळू सुटतो, काही महिने लागू शकतात, मालिश अजिबात नाही आणि ओढून सरळ तर मुळीच करायचा नाही, त्याने स्नायूत हाड धरू शकतं. इकडे सासूबाईंनी तिळाचं तेल कोमट करून ठेवलंय आणि गावचा हाडवैद्य बोलवायचं चाललंय. मी ठाम नाही म्हटलंय, पण रोज तोच विषय.

कोणाच्या मुलांचं असं झालं होतं का? पूर्ण सरळ व्हायला किती दिवस लागले, फिजिओ लावला का घरीच खेळून झालं? आणि हात वापरावा म्हणून काय खेळ दिलेत? कणीक मळायला दिली तर तीही डाव्या हाताने मळते हो!