मदत हवी आहे: केमोच्या वेळी हातपाय गार ठेवून नसांची इजा टाळता येते का?

माझ्या धाकट्या बहिणीला स्तनाच्या कॅन्सरसाठी पुढच्या आठवड्यापासून पॅक्लिटॅक्सेल सुरू होतंय, दर आठवड्याला एक डोस. आधीची लाल रंगाची केमो तिनं धीरानं काढली. केस गेले त्याचं तिला फारसं काही वाटत नाही, पण बोटांची भीती वाटते. ती भरतकाम करते. सुईत दोरा ओवणं, कापडाचा पोत बोटांनी ओळखणं हेच तिचं काम. डॉक्टरांनी आधीच सांगितलंय की या औषधानं मुंग्या, बधिरपणा, जळजळ होऊ शकते. काहींचं नंतर कमी होतं, काहींचं राहून जातं.

शोधताना क्योटोतल्या डॉक्टरांचा २०१८चा अभ्यास वाचला. औषध चालू असताना रुग्णांच्या एकाच हातापायाला गोठवलेले मोजे घातले, दुसरी बाजू तशीच ठेवली. नोंद पूर्ण झालेल्या ३६ जणांत गार ठेवलेल्या हाताचा स्पर्श मंदावण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्के, तर दुसऱ्या हाताचं ८१ टक्के. पायांत २५ आणि ६४. एकाच माणसाच्या दोन बाजूंची तुलना म्हणून मला हे पटलं. पण अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, आस्कोनं, २०२०मध्ये पुरावा अपुरा म्हणून शिफारस केलेली नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, करायचं तर करा, सोय तुमची तुम्ही बघा.

कोणी प्रत्यक्ष केलंय का? किती वेळ ठेवायचं? सहन होतं का? आणि एक गोंधळ आहे. केमो वॉर्डात एका काकांना नर्स बजावत होत्या, गार पाण्यात हातसुद्धा घालू नका. मग हिला बर्फ कसा चालेल?

प्रतिसाद १

ताई, मी हेच औषध घेताना केलं होतं. आधी काकांचं सांगते. त्यांना बहुतेक ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध असणार. त्यानं नसा गारव्याला इतक्या हळव्या होतात की फ्रिजमधली बाटली धरली तरी बोटांत कळ येते, गार पाणी प्यायलं की घसा आवळतो. पॅक्लिटॅक्सेलचं तसं नसतं. इथं गारव्यानं बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथवर कमी पोचतं, असा हिशोब आहे.

वेळ त्या अभ्यासातलीच धरा: औषधाआधी १५ मिनिटं, औषधाचा तासभर, नंतर १५ मिनिटं. अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं देऊन झाली की नर्सना सांगून मोजे चढवायचे. जोड कोमट होतो, म्हणून दुसरा आइसबॉक्समध्ये तयार हवा. सलाइन पंजावर लावली असेल तर हातमोजा घालताच येत नाही, तेव्हा ती कुठं लावणार हे आधी विचारा. पोर्ट (औषधासाठी छातीत कातडीखाली बसवलेली डबी) असेल तर प्रश्नच नाही.

बर्फ थेट कातडीला कधीच लावू नका, आत पातळ सुती मोजे हवेत. सुरुवातीची मिनिटं फार दुखतात, मला तर रडू यायचं. मग बोटं बधिर होतात आणि निभतं. पण कातडी पांढरी पडली किंवा कळ थांबेना तर लगेच काढा. हिमदंश झाल्याच्या नोंदी आहेत. मला शेवटी तळपायांना थोड्या मुंग्या राहिल्या, हात ठीक आहेत. ते बर्फामुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

प्रतिसाद २

मी कॅन्सर विभागात नर्स आहे. थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील (रेनॉड), गारव्यानं अंगावर पित्त उठत असेल किंवा पायांचा रक्तपुरवठा कमी असेल तर हे करू नका. गारवा सोसत नसेल तर एक माप लहान असे सर्जिकल हातमोजे घट्ट घालण्याचा मार्ग आहे. जर्मनीतल्या हायडलबर्गच्या चाचणीत गारवा आणि दाब दोन्हींचा उपयोग दिसला.

नसांसाठी म्हणून अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिनच्या गोळ्या मात्र घेऊ नका, त्यानं त्रास वाढल्याचं चाचणीत आढळलंय. आणि बटण लावताना अडखळायला झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. डोस कमी करणं, लांबवणं त्यांच्या हातात असतं. केमो थांबेल या धाकानं पुष्कळ बायका हे लपवतात, आणि तोवर उशीर होतो.

धागालेखिका

दोघींचे मनापासून आभार. बहिणीला विचारलं, बोटं पांढरी पडत नाहीत तिची. हातांची सोय झाली, पायांचे मोजे मात्र मिळत नाहीयेत. सुती मोज्यांवरून जेलच्या थंड पिशव्या बांधल्या तर बोटांच्या टोकांपर्यंत गारवा पोचेल का? कोणी केलं असेल तर कसं बांधलं ते लिहा.