सरकारी निरीक्षण विहिरीत पाणी ३ मीटरवर, सोसायटीच्या बोअरमध्ये ३८ वर. आकडे चूक की आमचे वाचन?

टेकडीउतार

पुण्यात सूस रस्त्याच्या बाजूला, टेकडीच्या उतारावरची सोसायटी. तीन बोअर, तिन्ही साडेसहा इंची, केसिंग (वरच्या मातीला धरणारा पाइप) १२ मीटर. ऑक्टोबरअखेरच्या नोंदी देतो. खोली जमिनीपासून, मीटरमध्ये:

बोअर १, वरचे गेट: जमिनीची उंची ५८५ मी., एकूण खोली ६०, पाणी लागले ४५ वर, पातळी ३८.
बोअर २, क्लबहाउस: उंची ५७२, खोली ९०, पाणी ३२ वर, पातळी २५.
बोअर ३, खालचे गेट: उंची ५६६, खोली १५०. बोअरवाल्याच्या वहीत २६ मीटरवर एक इंच पाणी आणि ११० वर एकूण दोन इंच अशी नोंद. पातळी ५१.

ओढ्याकाठी दीड किलोमीटरवर शासनाची निरीक्षण विहीर आहे. जमीन ५५६ मी., विहीर ९ मी. खोल. तिची पातळी ऑक्टोबरात ३, मेमध्ये साडेसात. शासनाच्या अहवालात आमचा भाग ‘सुरक्षित’ वर्गात येतो, तरी बोअर १ आणि २ मार्चमध्येच आटतात. बोअर ३ घेण्यापूर्वी दोन्ही मेपर्यंत टिकायच्या.

सर्वसाधारण सभेत ठराव झालाय की गच्चीचे सगळे पाणी बोअर ३ मध्ये सोडायचे, कारण ती सर्वांत खोल. गच्ची १२०० चौरस मीटर. काम सुरू करण्याआधी विचारतो: सरकारी आकड्यांवर विश्वास ठेवायचा का, आणि ठराव बरोबर आहे का?

काळा_पाषाण

ठराव थांबवा. कारण तुमच्याच आकड्यांत आहे, फक्त खोली बाजूला ठेवून उंची काढा.

आपल्याकडे दख्खनच्या लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. घट्ट काळा पाषाण पाणी देत नाही. पाणी असते ते थराच्या माथ्याच्या सच्छिद्र भागात, म्हणजे मांजऱ्यात, आणि दोन थरांमधल्या सांध्यात, जिथे बरेचदा तांबडा गेरू लागतो. उतारावर जमीन खालीवर होते, थर तिच्याबरोबर हलत नाही. आता वजाबाकी करा. ५८५ वजा ४५ म्हणजे ५४०. ५७२ वजा ३२, पुन्हा ५४०. ५६६ वजा २६, तेही ५४०. तिन्ही बोअर एकाच थराला लागल्या आहेत. बोअर ३ ला शिवाय ४५६ उंचीवर दुसरा थर आहे.

पातळ्याही अशाच लावा. बोअर १ आणि २ मध्ये पाणी ५४७ वर उभे आहे, बोअर ३ मध्ये ५१५ वर. शेजारच्या बोअरपेक्षा बत्तीस मीटर खाली आणि ज्या थरातून पाणी येते त्याच्याही पंचवीस मीटर खाली. वरचा थर बोअर ३ मध्ये धबधब्यासारखा पडतोय आणि खालच्या थरात जिरतोय, पंप बंद असतानाही, चोवीस तास. १ आणि २ मार्चला आटण्याचे पहिले संशयित हेच. त्यात गच्चीचे पाणी ओतलेत तर तेही त्याच वाटेने खाली जाईल आणि वरच्या दोन बोअरना थेंबही मिळणार नाही.

निरीक्षण विहीर चुकीची नाही. तिचा तळ ५४७ वर आहे, तुमचा थर ५४० वर, म्हणजे ती तिथे पोचतच नाही. ती मुरूम आणि वरच्या झिजलेल्या खडकातले पाणी मोजते, शेजारी ओढाही आहे. तिच्यावरून तुमच्या बोअरबद्दल काही सांगता येत नाही.

आणि ‘दोन इंच’ म्हणजे एक इंचाच्या दुप्पट नव्हे. ती ९० अंशाच्या व्ही खाचेवरची पाण्याची उंची असते, प्रवाह उंचीच्या अडीच घाताने वाढतो. एक इंच म्हणजे ताशी सुमारे ५०० लिटर, दोन इंच म्हणजे ताशी सुमारे २९००. तेव्हा बोअर ३ चे बहुतेक पाणी खालच्या थराचे आहे. ती बुजवून टाका असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

पातळीमापक

वरचे निदान पटते, पण त्यावर लगेच बोअरचे काम काढू नका. तीन ठिकाणी हा हिशेब घसरू शकतो.

पहिले, उंच्या कुठून आणल्या? मोबाइलची उंची सहज दहा मीटर इकडेतिकडे असते. शिवाय काही अॅप समुद्रसपाटीपासूनची उंची न देता उपग्रहाच्या गणिती पृष्ठापासूनची देतात. पुण्यात त्या दोहोंत साठ मीटरहून जास्त फरक पडतो. तीन बोअरमधला आपापसातला फरक गवंड्याच्या पारदर्शक नळीने काढा. नळीत बुडबुडा राहिला की मोजमाप बिघडते, म्हणून आधी पाणी वाहते ठेवून हवा काढायची. निरीक्षण विहिरीशी तुलना करायची तर मात्र डंपी लेव्हल (सर्वेक्षणाची दुर्बीण) लागेल. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरील समोच्च रेषा २० मीटरच्या आहेत, त्या या कामाला ढोबळ. (नकाशा मागवताना पत्रक ४७ एफ/१४ मागा. साडेअठरा अक्षांशाची रेषा शहरातून जाते, कात्रज-धनकवडी १५ मध्ये पडतात. चुकीचे पत्रक घेऊन आलेले बरेच असतात.)

दुसरे, पुण्यातले लाव्हाचे पुष्कळ प्रवाह संयुक्त आहेत, म्हणजे लहान लहान जिभांनी बनलेले. एक जीभ शंभर मीटरवर संपते आणि त्याच उंचीवर दुसरी सुरू होते. त्यामुळे उंची जुळली तर संशय घ्यावा, पुरावा मानू नये. त्यात बोअरवाला चुरा दर तीन मीटरला बघतो, म्हणजे ५४० हे ५३७ ते ५४३ असू शकते. वहीत चुऱ्याचा रंग आहे का पाहा: काळी-करडी पूड म्हणजे पाषाण, तपकिरी चुऱ्यात पांढरे ठिपके म्हणजे मांजऱ्या, तांबडा चिखल म्हणजे गेरू.

तिसरे, पातळी कशी मोजली? वरून पाणी पडत असेल तर साउंडरचे (पाणी लागताच वाजणाऱ्या मोजफितीचे) टोक ओल्या भिंतीला लागून आधीच वाजते. केबलशेजारी अर्ध्या इंचाची प्लास्टिक नळी पंपापर्यंत सोडा आणि साउंडर तिच्यातून उतरवा. पंप आदल्या रात्रीपासून बंद हवा. मोजमाप केसिंगच्या काठापासून घेतले असेल तर काठ जमिनीवर जितका वर आहे तितके वजा करा. स्वयंचलित नोंदयंत्र लावणार असाल तर हवेचा दाब वेगळा नोंदवा. दाब एक हेक्टोपास्कल बदलला की हवाबंद सेन्सरवर पाणी एक सेंटीमीटर हलल्यासारखे दिसते, आणि पुण्यात दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढून दुपारी चारपर्यंत तीन-चार हेक्टोपास्कल उतरतो. पातळी दिवसाला तीन-चार सेंटीमीटर डोलताना दिसली की लोक त्याला शेजारच्या बोअरचा उपसा समजतात.

सरकारी आकड्यांबद्दल. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. केंद्रीय भूमिजल मंडळ ऑगस्ट आणि नोव्हेंबरातही मोजते. दोघांच्या नोंदी एकाच आलेखावर जोडल्या की ऑगस्ट ते ऑक्टोबरची चढउतार खोटी दिसते. खोदलेली विहीर आणि पिझोमीटर (फक्त पातळी मोजण्यासाठी घेतलेली बोअर) या दोन जातीही मिसळू नका. राज्याची यंत्रणा ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडते, आणि पाऊसही सरासरीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त घटला असेल तर घसरणीवरून टंचाई कधी सुरू होईल ते ठरवते: तीन मीटरहून जास्त घट म्हणजे ऑक्टोबरपासून, दोन ते तीन असेल तर जानेवारीपासून, एक ते दोन असेल तर एप्रिलपासून. हीच रीत तुमच्या बोअरवर चालते, फक्त पाच वर्षांची वही हवी.

‘सुरक्षित’चा अर्थ एवढाच की त्या घटकातला (हिशेबासाठी धरलेल्या अख्ख्या भागातला) उपसा वर्षाच्या उपलब्ध भूजलाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत आहे. सत्तर ते नव्वद अंशतः शोषित, शंभरपर्यंत शोषित, पुढे अतिशोषित. हा मोठ्या क्षेत्राचा जमाखर्च आहे. एका भोकाला तो लावता येत नाही.

टेकडीउतार

नळीने फरक काढला. १ आणि २ मध्ये १२.६ मी., २ आणि ३ मध्ये ६.४. थर अर्ध्या मीटरच्या आत जुळतात. बोअर ३ मध्ये कॅमेरा सोडला, २७ मीटरवर भिंतीतून धार पडताना स्पष्ट दिसते. क्षारमापकाची विद्युतवाहकता (मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर, क्षार जास्त तितका आकडा मोठा): बोअर १ ची ६१०, बोअर २ ची ६४०. बोअर ३ चा रात्रभर विश्रांतीनंतरचा पहिला बादलीभर ६५०, दोन तास उपशानंतर ९८०.

काळा_पाषाण

मग शंका उरली नाही. विश्रांतीत बोअर ३ मध्ये वरच्या थराचे पाणी भरते, म्हणून पहिली बादली १ आणि २ सारखी. खालच्या थराचे खरे पाणी दोन तासांनी येते, आणि त्यातही मिसळ असणारच.

काम असे. ११३ मिमी आतील व्यासाचा बिनछिद्री पाइप (बाहेरून १२५) जमिनीपासून ५१ मीटरपर्यंत, खाली रबरी पॅकर (पाइप आणि भोक यांमधली फट बंद करणारी कडी). पॅकरवर मीटरभर बेंटोनाइटच्या (पाण्याने फुगणाऱ्या मातीच्या) गोळ्या, त्यावर ५० ते ३५ मीटर सिमेंटचा गारा. कॅमेऱ्यात ३५ ते ५० मध्ये घट्ट, न फुटलेला पाषाण आहे ना ते आधी बघा, भेग असेल तर पट्टा खाली सरकवा. १६५ मिमी भोक आणि १२५ चा पाइप यांमधली जागा मीटरला सुमारे ९ लिटर. १५ मीटरला १३७ लिटर. ५० किलोच्या पोत्यात २५ लिटर पाणी घातले की ४० लिटर गारा होतो, म्हणजे साडेतीन पोती. जवळ सहा ठेवा, भेगा गिळतात. गारा वरून ओतायचा नाही. मध्येच अडकतो आणि खाली पोकळी राहते. बारीक पाइप तळाशी नेऊन खालून वर भरत यायचे. निदान ७२ तास हात लावू नका.

हे काम एप्रिल-मेमध्येच करा. आत्ता वरच्या थराची धार चालू आहे, ती ओले सिमेंट धुऊन नेईल. १ आणि २ आटलेल्या असतात तेव्हा धारही थांबलेली असते.

एक गोष्ट सभेला आधी सांगून ठेवा. वरून येणारी भर बंद झाली की बोअर ३ ची पातळी ५१ च्याही खाली जाईल. ती खालच्या थराची खरी पातळी. पंप बहुधा खाली न्यावा लागेल.

झिरप

पुनर्भरणाबद्दल, कारण इथेच पैसे वाया जातात. क्रम आधी सील (वरचे पाइप-सिमेंटचे काम), मग बोअर १ मध्ये गच्चीच्या पाण्याचे पुनर्भरण. उलटे केलेत तर बोअर १ मध्ये घातलेले बोअर ३ मधून निघून जाईल.

वर्षाचा आकडा फसवा असतो. ७०० मिमी पाऊस, १२०० चौरस मीटर, वीस टक्के तूट धरली तरी पावणेसात लाख लिटर होतात. पण बोअरआधीच्या फिल्टरचा आकार वर्षाच्या पावसावर ठरत नाही, तासाच्या पावसावर ठरतो. वळवाचा ४० मिमीचा एक तास म्हणजे ४० हजार लिटर. तुमचा थर ते घेईल का?

ते टँकरने तपासा. दहा हजार लिटर पाणी बोअर १ मध्ये मिनिटाला ५० लिटर या स्थिर दराने सोडा आणि पातळी पाच-पाच मिनिटांनी मोजा. या भोकात मीटरला २१ लिटर मावतात, म्हणजे ३८ मीटर रिकामी नळी भरायलाच ८०० लिटर. तेवढ्याला ‘बोअरने घेतले’ म्हणू नका. पुढे पातळी १०-१५ मीटरवर टिकली तर ताशी ३००० लिटरची ग्रहणक्षमता आहे. वर येऊन सांडू लागली तर दर निम्म्यावर आणून पुन्हा बघा. ३००० निघाले तर २० हजार लिटरची साठवण टाकी मध्ये घ्या. वीस मिमीचा दिवस तिच्यात मावतो आणि सहा-सात तासांत रिकामा होतो.

बोअरमधला पाइप स्थिर पातळीच्या खाली दोन-तीन मीटर बुडलेला हवा. वरून पडणारे पाणी हवा घेऊन जाते, बुडबुडे मांजऱ्याच्या भोकांत अडकतात आणि दोन पावसाळ्यांत ग्रहण निम्मे होते. लोक दोष गाळाला देतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पंप चालवून पाणी स्वच्छ होईपर्यंत बाहेर टाकायचे, त्यासाठी पंप बोअरमध्येच ठेवा.

फक्त गच्चीचे पाणी. पार्किंग, रस्ता, बाग यांतले एकही तोंड जोडू नका. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी झडप उघडून सोडून द्या, कबुतरांची विष्ठा त्यातच असते. दर ऑक्टोबरात नायट्रेट आणि ई. कोलाय तपासा. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये अजिबात नको. कोरड्या महिन्यांत वाहकता एकदम उतरली तर शेजारची पालिकेची जलवाहिनी गळतेय का बघा, धरणाचे पाणी बोअरपेक्षा पुष्कळ मऊ असते. क्लोराइड आणि नायट्रेट जोडीने चढले तर ड्रेनेज गळतेय.

टाकीचा ओव्हरफ्लो पावसाळी गटारात काढा, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नव्हे. चेंबर तुंबले की तेच उलटे टाकीत येते आणि तिथून थेट थरात.