मदत हवी आहे: धूळ खात पडलेल्या ऑल्टचं (दुय्यम पात्रांचं) काय करू?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम, युरोपातला अर्जेंट डॉन हा रोलप्ले (पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचा) सर्व्हर. सात ऑल्ट, सगळ्यांच्या टोटल आरपी ३ (पात्राची ओळख इतरांना दाखवणारं अॅडऑन) मधल्या प्रोफाइल लिहून तयार, खेळलेला एकही नाही. जीव अडकलाय तो नोम (बुटक्या वंशाच्या) घड्याळजीत. त्याचं स्वतःचं घड्याळ कायम बंद.

दर महिन्याला एक पात्र, हा क्रम मोडला. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. हाती तासभर, तो ओळखपाळखीतच जातो. मुख्य पात्रावरच प्रोफाइल बदलून पाहिली, तर जुने ओळखीचे गोंधळतात. (प्रोफाइल साठवणाऱ्या सेव्ह्डव्हेरिएबल्स फोल्डरची प्रत काढलीय, त्यामुळे बाकीचे सहा उडवायला हरकत नाही. पैसे भरून नाव-वंश बदलायचा नाही.)

तासाभरात कोणाच्या तरी लक्षात राहील अशी सुरुवात घड्याळजीसाठी कुठे करावी: गेममधल्या स्टॉर्मविंड शहराच्या खानावळीत, की एखाद्या गिल्डच्या (खेळाडूंच्या गटाच्या) ठरलेल्या कार्यक्रमात?