मदत हवी आहे: मुलांचा लॅक्रॉस क्लब वाढलाय, आता स्वतंत्र संस्था करावी लागणार (डॅलस, टेक्सास)

निवडुंगाचं_फूल

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे मुलांचे क्लब, मंडळं, मराठी शाळा चालवलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. इथे अमेरिकन फुटबॉल म्हणजे धर्म, आणि आपल्या लोकांत क्रिकेट. या दोन्हींच्या फटीत आम्ही काही पालकांनी लॅक्रॉसचा (टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ) क्लब काढला. मूळ कल्पना आमची नव्हे. मुलाच्या वर्गमित्राचे वडील मेरीलँडहून इथे आले, तिकडे हा खेळ गल्लोगल्ली. त्यांनी गराजमधल्या जुन्या काठ्या काढल्या आणि रविवारी सकाळी शाळेमागे मुलं जमवली. तेव्हा मुलं कमी आणि काठ्या त्याहून कमी, दोघांत एक. आता वसंतातल्या हंगामाला साठ-पासष्ट मुलं येतात. देशी मुलंही बरीच आहेत. गणपतीच्या आरतीनंतर एका आईने दुसरीला सांगितलं की नोंदणी झालीच म्हणून समजा. त्यात २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईत आयओसीची (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची) बैठक झाली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेट आणि लॅक्रॉस एकाच ठरावात मंजूर झाले. तेव्हापासून नाशिकचे आजोबासुद्धा फोनवर स्कोअर विचारतात.

आता अडचण. आजवर आमची नोंदणी, विमा, बँक खातं सगळं शेजारच्या शहरातल्या एका मोठ्या क्लबच्या छत्राखाली होतं. त्यांचीच संख्या एवढी वाढली आहे की पुढच्या वसंतापासून तुमचं तुम्ही बघा, असं त्यांनी प्रेमाने सांगितलंय. भांडण नाही. पण आमच्यातल्या कुणीही अशी संस्था काढलेली नाही.

मला मुख्य विचारायचंय ते असं: ५०१-सी-३ (करमुक्त संस्थेचा दर्जा) घ्यावंच का, आणि टेक्सासमध्ये सुरुवात कुठून करायची? मंडळाच्या कार्यक्रमात वडापावचा स्टॉल लावून पैसे उभे करायचा बेत आहे. जे कुटुंब जास्त राबेल त्याच्या मुलाची फी तेवढी कमी, असं सुचवलं गेलंय. चालेल का? आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे सहा-सात पालकांना ट्रॅव्हल टीम हवी आहे, पगारी कोच, बाहेरगावच्या स्पर्धा, फी अंदाजे १,८०० डॉलर. आमची साधी फी २२० आहे. नाही म्हणावं तर हेच पालक मैदानावर चुन्याच्या रेषा मारायला सगळ्यात आधी हजर असतात.

शिवाय काठावर बसून भावांचा खेळ बघणाऱ्या मुलींसाठी काय करता येईल तेही सांगा. खर्चाचा अंदाज नाही.

---

वाटाण्याच्या_अक्षता

क्रिकेट सोडून जाळीच्या काठीने चेंडू झेलत पळायचं? ग्रँड प्रेरीचं क्रिकेट स्टेडियम तुमच्या अंगणात आहे हो ताई!

निवडुंगाचं_फूल

अक्षता, घरी एक क्रिकेटवालाही आहे. त्याचा सामना दिवसभर चालतो, याचा तासाभरात आटपतो. कोणता खेळ कुणाला आवडतो ते डबा भरणाऱ्या माणसाला विचारा.

---

हिशेबनीस

मी सीपीए (सनदी लेखापाल) नाही, पण दोन संस्थांची खजिनदारी केली आहे, त्यातली एक टेक्सासात. सही करण्याआधी जाणकाराला दाखवाच.

संस्था करा. पालकाच्या नावावरच्या खात्यात पासष्ट मुलांची फी घेणं त्या पालकासाठीच वाईट. टेक्सासमध्ये राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे संस्था-नोंदणीचा फॉर्म २०२ भरायचा, फी २५ डॉलर. किमान तीन संचालक लागतात, आणि अध्यक्ष व सचिव एकच व्यक्ती चालत नाही. एक खाचखळगा सांगून ठेवतो: त्या छापील फॉर्मात आयआरएसला (केंद्राच्या कर खात्याला) हवी असलेली कलमं नसतात. संस्थेचा उद्देश करमुक्त कामापुरताच आहे, आणि ती बंद झाली तर शिल्लक दुसऱ्या करमुक्त कामालाच जाईल, हे दोन्ही तुम्ही जादाच्या रकान्यात लिहायचं. हे राहिलं की पुढे दुरुस्तीपत्र भरत बसावं लागतं. मग ईआयएन (संस्थेचा कर क्रमांक), बँक खातं, आणि त्यानंतर आयआरएसचा अर्ज. स्थापनेपासून २७ महिन्यांच्या आत अर्ज केला तर मान्यता स्थापनेच्या तारखेपासून धरतात.

अर्ज दोन प्रकारचे आहेत. छोटा १०२३-ईझी, फी २७५ डॉलर. पूर्ण १०२३, फी ६०० आणि कागदांचा ढीग. छोटा चालण्यासाठी वर्षाची एकूण जमा ५०,००० डॉलरच्या आत हवी, पुढच्या तीन वर्षांचा अंदाजसुद्धा. इथे तुमची ट्रॅव्हल टीम आडवी येते. पासष्ट मुलांचे २२० म्हणजे १४,३००. ट्रॅव्हलला अठरा मुलं धरली तर १,८०० प्रमाणे ३२,४००. झाले ४६,७००. वडापाव आणि एखादा प्रायोजक मिळवलात की रेघ ओलांडली. लक्षात घ्या, जमा मोजतात, नफा नाही. कोचला सगळे पैसे देऊन हातात शून्य उरलं तरी जमा तेवढीच. रेघेच्या आत राहिलात तर दरवर्षी फक्त ९९०-एन नावाचं ई-पोस्टकार्ड भरायचं, पाच मिनिटांचं काम. पण ते सलग तीन वर्षं चुकलं तर मान्यता आपोआप जाते. पालक बदलत राहणाऱ्या क्लबांचं हेच होतं, म्हणून तारीख दोघांच्या कॅलेंडरात ठेवा.

राबणाऱ्या कुटुंबाला फी-सवलत: नको. अजिबात नको. करमुक्त संस्थेने जमवलेला पैसा सगळ्या मुलांसाठी असतो. ज्याने विकलं त्याच्या खात्यावर जमा केला की तो खाजगी फायदा ठरतो. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबची (खेळाडूंसाठी पैसे उभे करणाऱ्या पालकांच्या संस्थेची) मान्यता नेमकी याच पद्धतीमुळे गेली, आणि २०१३ मध्ये टॅक्स कोर्टानेही आयआरएसचीच बाजू उचलून धरली. स्टॉलचे पैसे एकत्र ठेवा आणि गरजू मुलांची फी भरा, हवी तर सगळ्यांचीच दहा-वीस डॉलरने कमी करा.

निवडुंगाचं_फूल

बापरे, जमेचा हिशेब कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आकडे जसेच्या तसे पालकांच्या ग्रुपवर टाकतेय. वडापाववाल्या काकूंना मात्र तुम्हीच समजवा.

---

गोलपोस्ट

मी मेरीलँडमध्ये मुलींना शिकवते. मुलींचा विचार आधी करा, खर्चाच्या बाजूने तोच सोपा आहे.

मुलांच्या खेळात अंगाला अंग भिडतं, म्हणून हेल्मेट, ग्लोव्हज, खांद्याचे आणि हाताचे पॅड, सगळं लागतं. मुलींच्या नियमांत धक्काबुक्कीला परवानगी नाही. काठी, डोळ्यांवरचा गॉगल आणि माउथगार्ड एवढ्यावर भागतं, गोलकीपरचा संच तेवढा वेगळा. मुलांची काठी मुलींना देऊ नका. मुलींच्या जाळीची खोली कमी असते, त्यांनी त्याच जाळीत चेंडू झुलवत पळायला शिकलं पाहिजे. पहिले काही आठवडे मैदानसुद्धा नको, भिंत हवी. उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, चेंडू भिंतीवर मारायचा आणि जाळीत घ्यायचा. सुरुवातीला टप्प, टप्प, धप्प असा आवाज येतो. धप्प कमी झालं की समजायचं पोरीचं मनगट मऊ झालं.

जुनं साहित्य गोळा करत असाल तर मुलांचे खांद्याचे पॅड तपासून घ्या. हा चेंडू घट्ट रबराचा असतो. छातीवर नेमक्या चुकीच्या क्षणी बसला तर हृदयाची लय बिघडू शकते; क्वचित होतं, पण होतं. म्हणून जानेवारी २०२२ पासून पॅडवर एनडी-२०० मानकाची खूण सक्तीची आहे. गराजमधल्या त्याआधीच्या पॅडवर ती बहुधा नसेल. फुकट मिळाले तरी घेऊ नका. आणि मैदानावर एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे आहे हे प्रत्येक कोचला पाठ हवं.

लहानांना पूर्ण मैदानावर उतरवू नका. आठ वर्षांखालच्यांसाठी यूएसए लॅक्रॉस ही या खेळाची राष्ट्रीय संघटना चारास चार, गोलकीपरशिवाय, असंच सुचवतं. दहास दहा खेळवलं की दोन दांडगी मुलं चेंडू घेऊन पळतात, बाकीची फुलपाखरं मोजतात. सगळी मुलं आणि कोच यूएसए लॅक्रॉसचे सदस्य केले की विम्याचाही प्रश्न सुटतो. मैदान देणारं शहर विम्याचं प्रमाणपत्र मागणारच, त्यावर शहराचं नाव घालून घ्या. नव्या संघांना साहित्य देणारा त्यांचा फर्स्ट स्टिक उपक्रम आहे, तिथे जरूर अर्ज करा.

कोचांची पार्श्वभूमी-तपासणी आणि सेफस्पोर्टचं (खेळात मुलांशी गैरवर्तन होऊ नये यासाठीचं) प्रशिक्षण यात ओळखीपाळखी बघू नका. मोठा माणूस आणि एकच मूल असं गाडीतही नको, व्हॉट्सॲपवरही नको. निरोप जाईल त्यात पालक असलेच पाहिजेत. 'अहो, घरचेच आहेत' हे वाक्य आपल्याकडे फार पटकन येतं.

निवडुंगाचं_फूल

पॅडचं आजच बघते. एका पालकांनी टी-शर्टसाठी पिसांचा मुकुट आणि कुऱ्हाडीचं चित्र काढून दिलंय, खेळ मूळचा नेटिव्ह लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा, म्हणून. मला ते खटकतंय, पण का ते नीट सांगता येत नाहीये.

---

हिमवाटा

सिरॅक्यूजजवळ राहतो. ओनोंडागा लोकांची भूमी इथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून लिहितो. ते चित्र नको.

हौदेनोसौनी (ओनोंडागा ज्यात मोडतात तो जमातींचा संघ) लोकांसाठी हा खेळ इतिहासात जमा झालेला नाही. आजही ते आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून खेळ मांडतात, निर्मात्याला आनंद व्हावा म्हणून खेळतात. १८६० च्या दशकात माँट्रियलच्या एका दंतवैद्याने, जॉर्ज बीअर्सने, नियम लिहून काढले आणि पुढे ज्यांचा खेळ त्यांनाच मोठ्या स्पर्धांतून बाहेर ठेवलं गेलं. आज त्यांचा स्वतःचा राष्ट्रीय संघ आहे, स्वतःच्या पासपोर्टवर प्रवास करतो. २०१० मध्ये ब्रिटनने ते पासपोर्ट मानले नाहीत म्हणून मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला ते पोहोचूच शकले नाहीत. अशा लोकांचं पिसांच्या मुकुटात कार्टून करून पोरांच्या छातीवर छापायचं? त्यात तो मुकुट मैदानी प्रदेशातल्या जमातींचा, त्यांचा नव्हेच. त्यापेक्षा निवडुंग छापा, टेक्सासही झालं आणि तुमचं नावही.

---

दुपारची_उन्हं

ऑस्टिनजवळ राहते, मुलगा हायस्कूलमध्ये खेळतो. ट्रॅव्हल टीमबद्दल थोडं.

टेक्सासमध्ये लॅक्रॉस यूआयएलच्या (शाळांच्या स्पर्धा भरवणाऱ्या राज्य संघटनेच्या) खेळांत नाही. म्हणजे हायस्कूलचा संघसुद्धा बहुतेक ठिकाणी पालकांनी चालवलेला क्लबच. शाळा मैदान देईल न देईल, कोच देणार नाही. तेव्हा तुमची आजची सातवी-आठवीची मुलं तीन वर्षांनी त्याच संघाला लागणार आहेत. चांगली पंधरा-अठरा मुलं वसंतात बाहेर काढलीत तर उरलेल्यांचा संघ पहिल्याच हंगामात हरून हरून कंटाळतो, पुढच्या वर्षी फॉर्म येत नाहीत. आमच्याकडे हे झालंय.

आम्ही मग हंगाम वाटून घेतले. वसंत सगळ्यांचा, एकच क्लब, मिश्र संघ. ट्रॅव्हल फक्त उन्हाळ्यात आणि शरदात, तेही आमच्या संस्थेबाहेर, पालकांनी आधीपासून चालू असलेल्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये मुलं घालून. पैसे आमच्या खात्यातून फिरतच नाहीत, म्हणजे हिशेबनीसांची रेघही सांभाळली जाते. त्या पालकांना वसंतात बारा-चौदाच्या गटाचं कोचिंग दिलं. मान मिळाला, काम मिळालं, कुरकुर बरीच कमी झाली. सगळी नाही.

मैदानाचा अर्ज मात्र आत्ताच टाका. आमच्याकडे दिव्यांखालचे तास सॉकरवाले आधीच घेऊन बसतात, आणि काही शहरं तुमच्यातली किती मुलं त्याच शहरात राहतात हे पत्त्यांसकट मागतात. यादी तयार ठेवा.

---

निवडुंगाचं_फूल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल चहावर बैठक झाली. वसंत सगळ्यांचा यावर एकमत झालं, म्हणजे एक जण गप्प बसले, तेही एकमतच. ट्रॅव्हल संस्थेबाहेर. तिसरे संचालक म्हणून मेरीलँडवाले बाबा तयार आहेत. वडापाव राहिला, सवलत गेली. मुलींसाठी सप्टेंबरात मैदानापलीकडच्या गोदामाची भिंत मिळतेय, मालकाची लेखी परवानगी घेतेय.

आता एकच हवंय. छोट्या क्रीडा संस्थेचे बायलॉज (अंतर्गत नियम) कुणाकडे असतील तर निरोप पाठवून कळवाल का? विशेषतः संचालकाचं मूल स्वतः क्लबमध्ये असताना संघनिवडीत त्याने मत द्यायचं की नाही, हे कलम तुम्ही कसं लिहिलंत ते बघायचंय. त्या एका मुद्द्यावर चहा दोनदा झाला.

हिशेबनीस

पाठवतो. आमच्यात तो संचालक निवडीच्या वेळी खोलीबाहेर जातो, आणि तो बाहेर गेला हे इतिवृत्तात लिहितात. वेळेसकट.