मदत हवी आहे: जावयाच्या कयाकमध्ये बसावं का, आणि हॅलिबटचं कालवण का फसतं?

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याचा. वय ५८, गेल्याच वर्षी नोकरीतून मोकळा झालो. गळ टाकायचा नाद लहानपणापासूनचा. कण्हेर धरणाच्या काठावर कणकेच्या गोळ्यांवर कटला-रोहू, नदीला मरळ आणि वाम, एवढीच आपली धाव. लेक-जावई कॅनडात, व्हँकुव्हर बेटावर सूकजवळ राहतात. जावयाला कयाकमधून मासेमारीचं वेड. कयाक म्हणजे प्लॅस्टिकची अरुंद होडी, एका माणसापुरती. वल्ह्यानं मारा नाहीतर पायांनी.

गेल्या ऑगस्टात आम्ही दोघं तिकडे होतो. एका सकाळी हा दाट धुक्यातून परतला तो एक सामन आणि एक हॅलिबट घेऊनच. (सामन म्हणजे आपला रावस नव्हे. आपल्याकडे रावसाला इंडियन सामन म्हणतात, त्यावरून माझाही घोळ झाला होता.) हॅलिबट मी पहिल्यांदाच बघत होतो. परातीसारखा चपटा, वरून मातकट, खालून पांढराधोट, आणि दोन्ही डोळे एकाच अंगाला. मी मासा उलटा करून मागे डोळा शोधायला लागलो तशी लेक खो खो हसली. पिल्लू असताना डोळे दोन बाजूंना असतात, वाढताना डावा सरकत उजवीकडे येतो आणि मग मासा जन्मभर तळाशी आडवा पडून राहतो म्हणे. वजन भरलं नऊ किलो. जावई म्हणाला, हा लहानच आहे.

आता दुखणं सांगतो. हिनं इथून कांदा-लसूण मसाला नेला होता. रीतीप्रमाणे तुकड्यांना मीठ-लिंबू चोळून दोन तास ठेवलं, वाटण परतलं आणि मरळीसारखं वीस मिनिटं रटरटवलं. झाकण काढलं तर तुकड्या गायब, रश्श्यात नुसता चुरा. दुसऱ्या दिवशी सामन तव्यावर टाकला, तर त्याच्या अंगातून दह्यासारखे पांढरे गोळे फुटायला लागले. नासला समजून आम्ही दोन तुकड्या फेकून दिल्या. जावई काही बोलला नाही, त्या चुऱ्याच्या रश्श्याबरोबर गुमान दोन भाकरी खाल्ल्या. तेच जास्त लागलं.

यंदा जुलैत परत जातोय. जावई म्हणतो, "बाबा, या वेळी दुसरी कयाक तुमची." मला जायचंय, हिचा सक्त विरोध आहे. पोहायला मी माहुलीच्या संगमावर शिकलोय, पाण्याची भीती नाही. या वयात जावं का? मोठा मासा लागला तर त्या एवढ्याशा होडीत करायचं काय? आणि ते कालवण कुणीतरी सुधारून द्या.

भिलवडीकर:
काका, सूकसमोर जी सामुद्रधुनी आहे तिच्या पलीकडच्या काठाला, अमेरिकेतल्या पोर्ट एंजेलिसला, मी दोन उन्हाळे कयाक मारलीय. आमच्या भिलवडी-औदुंबरला मगरींमुळे माणूस नदीत उतरताना दहादा विचार करतो. तिथलं पाणी दिसायला गरीब, तिथंच फसगत होते. भर उन्हाळ्यातही १०-१२ अंश. माहुलीचं पोहणं तिथं कामाला येत नाही. पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वासच ताब्यात राहत नाही, दहाएक मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात. तेव्हा कोरडा सूट (आत पाणी न शिरणारा अंगभर पोशाख) आणि लाइफ जॅकेट असेल तरच जा, आणि पडल्यावर परत कयाकवर चढायचा सराव आधी काठाजवळ करा. तो जमला नाही तर सरळ काठावर बसा, उगीच हिंमत दाखवू नका. वायरलेस अंगावरच बांधलेला हवा, मदत मागायचा चॅनल १६. धुकं दिसलं की निघायचं नाही. तुमचे जावई धुक्यातून आले हे मला काही आवडलं नाही.

हॅलिबटसाठी भरती-ओहोटीचं पाणी थांबतं तेवढाच वेळ धरा. वाहत्या पाण्यात शिसं तळाला टेकतच नाही. आमिष म्हणून हेरिंग हा छोटा मासा लावा, आणि गोल गळ असेल तर आपल्यासारखा हिसका मारू नका, नुसतं गुंडाळत राहा, तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मोठा लागला तर जिवंत मासा मांडीवर घ्यायचा नाही, शेपटीच्या एका फटक्यात होडी उलटेल. जाणते लोक त्याला बोया (तरंगता गोळा) बांधलेला हार्पून, म्हणजे दोरीचा भाला, मारतात आणि दमेपर्यंत पाण्यातच ठेवतात. तुम्ही तंगूस कापून मोकळे व्हा. गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं लायसन्स लागतं. सामनच्या गळाला उलटा काटा चालत नाही. हॅलिबटला लांबीची कमाल मर्यादा असते आणि ती बदलत राहते, म्हणून निघायच्या आधी बघून घ्या.

पाटणची सून:
काकूंच्या मसाल्याचा काही दोष नाही, वेळेचा आहे. थंड पाण्यातल्या माशाचे धागे कमी उष्णतेतच सुटतात, त्यात हॅलिबटला चरबी जवळपास नाही. मरळ वीस मिनिटं सोसते, हा सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. मीठ-लिंबू आपण चोळतो ते नदीतल्या माशाचा चिखलाचा वास जावा म्हणून. याला तो वासच नसतो, उलट दोन तास लिंबात ठेवला की मासा चुलीवर चढायच्या आधीच निम्मा शिजतो. दहा मिनिटं हळद-मीठ लावा, पुरे.

मुंडकं आणि काटा पाण्यात अर्धा तास उकळून गाळून घ्या आणि रस्सा त्यावरच करा, खरी चव तिथं आहे. रस्सा मुरला, चिंच पडली, की गॅस बारीक करून दोन बोटं जाडीच्या तुकड्या सोडायच्या. डाव घालायचा नाही, पातेलंच हलवायचं. पाच-सहा मिनिटांत बंद. मुंडक्याचे गाल मात्र आधी काढून तव्यावर परता, ते पाहुण्यांना द्यायचे नसतात!

सामनचे ते पांढरे गोळे म्हणजे त्याचंच प्रथिन, आच जास्त झाली की बाहेर येतं. मासा चांगलाच होता हो. कातडीची बाजू खाली ठेवून मंद तव्यावर भाजा, तेल घालूच नका, त्याचंच सुटतं. आणि जावयांना सांगा, मासा धरल्याधरल्या कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. हिला सगळं वाचून दाखवलं. सुटाचं ऐकून जरा मवाळ झालीय, आधी काठाजवळचा सराव स्वतः बघणार म्हणते. पण गेल्या वेळी मुंडकं जावयानं खेकड्याच्या पिंजऱ्यात आमिष म्हणून घातलं होतं, हे मी आत्ता बोलून गेलो. फोन लावतेय त्याला. तिकडे पहाटेचे चार वाजलेत.