हंगामाआधीचं श्रमदान सक्तीचं असावं, की पैसे भरून त्यातून सूट मिळावी?

सुकाणूधर

खडकवासल्याच्या पाण्यावर आमचा शिडाच्या बोटींचा छोटा क्लब आहे. तो सदस्यच चालवतात. पगारी माणूस एकच, रखवालदार. बोटींची डागडुजी, शर्यतींचं वेळापत्रक, रेस्क्यू बोट, हिशेब हे सगळं आपापसांत वाटून घेतो. येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव येतोय: ज्यांना तयारीच्या दिवसांना यायला किंवा रेस्क्यू बोटीची पाळी करायला जमत नाही त्यांनी ठरावीक रक्कम भरावी, त्या पैशातून बाहेरची माणसं लावू. माझा याला ठाम विरोध आहे.

पावसाळ्याचे चार महिने बोटी शेडमध्ये उलट्या पडून असतात. त्या काळात काय काय होतं ते हात लावल्याशिवाय कळत नाही. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा लांबून चकचकीत दिसतात. त्यांच्यावरून कापसाचा बोळा फिरवला की जिथे एखादा धागा तुटलाय तिथे कापूस अडकतो. तो धागा सप्टेंबरमध्ये सापडला नाही, तर एप्रिलच्या वाऱ्यात अख्खी डोलकाठी खाली येते. बोटीच्या हवाबंद टाक्यांचंही तसंच. झाकणांच्या कडेला साबणाचं पाणी लावून आत हळूच हवा सोडली की बुडबुड्यांवरून गळती सापडते. पाय अडकवायच्या पट्ट्यांची शिवण कुजलेली असते, शिडाच्या घडीत उंदरांनी घर केलेलं असतं. लाइफ जॅकेटचा फोम दाबून बघावा लागतो आणि प्रत्येक चेन उघडून बंद करावी लागते.

ज्यानं हे स्वतः केलंय त्याला पाण्यात बोट उलटली की कुठला दोर कुठे आहे ते न बघता समजतं. बोट भाड्यानं घेतल्यासारखी वापरणारा सदस्य पाण्यावर दुसऱ्यालाही धोक्यात घालतो. म्हणून तयारीचे दिवस आणि रेस्क्यूची पाळी सगळ्यांना सारखी असावी. पैसे भरून सूट नको.

हिंजवडी_ते_धरण

कार्यवाह साहेब, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण मी ठरावाच्या बाजूनं आहे.

सक्तीनं केलेलं काम चांगलं होत नाही. फायबरच्या कामाचंच बघा. पावसाळा संपता संपता फायबर आतून ओलं असतं. त्यावर रेझिन चढवलं तर ते नीट धरत नाही, दोन महिन्यांत पापुद्रा सुटतो. आधी तो भाग घासून, कोरडा करून, काही दिवस थांबावं लागतं. रविवारी सकाळी दहाला आलेले आणि दुपारी जेवायला घरी जायचं असलेले सहा जण हे करतील का? मी एका क्लबात अशी "सदस्यांनी केलेली" दुरुस्ती पाहिली आहे, भर शर्यतीत ती उघडली. भोसरीत फायबरचं काम रोज करणारे लोक आहेत. त्यांना बोलवा, पैसे द्या, पावती घ्या.

दुसरं, आमच्यातल्या अनेकांना आठवड्यात एकच मोकळा दिवस मिळतो. त्या दिवशी पाण्यावर जायला मिळावं म्हणून तर वर्गणी भरतो. तयारीचे दिवस, पाळ्या, सभा सगळं सक्तीचं केलंत तर तरुण लोक क्लबमध्ये टिकणार नाहीत. मग राहणार कोण, निवृत्त झालेले?

ऑप्टिमिस्टची_आई

मुलगी ऑप्टिमिस्ट चालवते, म्हणून मी या क्लबात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही सव्वादोन मीटरहून थोडी मोठी, पस्तीस किलोची एकट्या मुलाची बोट. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं तिच्यावर शिकतात.

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटली आहे. तयारीच्या दिवशी आम्हा आयांच्या वाट्याला नेहमी चहा-पोहे येतात. मला पोहे करायला वाईट वाटत नाही, पण मुलगी पाण्यात असताना तिच्यामागे धावणारी बोट चालवता यावी असं मला मनापासून वाटतं. ते आजवर कुणी शिकवलेलं नाही. सक्ती करायची असेल तर शिकवण्याचीही करा. इंजिन कसं सुरू करायचं, मनगटाला बांधायची किल कॉर्ड (चालक पडला की इंजिन बंद करणारी दोरी) कशासाठी असते, पाण्यात पडलेल्या मुलाजवळ जाताना पंखा कधी थांबवायचा, हे एका सकाळीत शिकता येतं. शिकले तर पाळी आनंदानं करीन.

पण ज्या घरात एकच कमावतं माणूस आहे, किंवा ज्यांची रुग्णालयात पाळी असते, त्यांना रविवार मागता येत नाही. त्यांना घरून करता येईल असं काम द्या. पैसे मागू नका.

जुना_खलाशी

हंगाम कधी सुरू करायचा यावरच आपल्यात एकमत नाही, मग तयारीचे दिवस कुठून ठरणार? गेल्या सभेत कुणीतरी नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात सोडायची सूचना केली. किनाऱ्यावर कोळी लोकांसाठी तो दिवस योग्य आहे. आपल्याकडे नाही, आणि हे मी जोर देऊन सांगतो. साखळीतल्या चार धरणांत खडकवासला सगळ्यात लहान, १.९७ टीएमसीचं. वरचं वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१. त्यामुळे खडकवासला आधी भरतं, आणि वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी त्यातूनच मुठेत जातं. श्रावणात दरवाजे केव्हाही उघडतात. तेव्हा भिंतीच्या बाजूला ओढ असते आणि वारा पडला तर शिडाच्या बोटीला तिच्यातून बाहेर पडता येत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि मागोमाग खडकवासलाही गेलं. ते ज्या पिढीनं पाहिलं तिला हे समजावून सांगावं लागत नाही.

पुण्यातून मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. खंडेनवमीला अवजारांची पूजा करताना सगळ्या बोटी तपासून तयार हव्यात. दसऱ्याला त्या पाण्यात जाव्यात, पण विसर्ग बंद असेल तरच. म्हणजे मोठी दुरुस्ती मे अखेरीस, बोटी शेडमध्ये जायच्या आधी, फायबर कोरडं असतानाच करायची. हिंजवडीकरांचा ओल्या फायबरचा मुद्दा बरोबर आहे, पण तो चुकीच्या महिन्यात काम केल्यामुळे उभा राहतो. सप्टेंबरात फक्त तपासणी आणि दोर-शिडं.

वाऱ्याचंही लक्षात घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा मंद आणि लहरी असतो, नवीन मुलांसाठी उत्तम. खरा जोर मार्च ते मे, दुपारनंतर पश्चिमेकडून. रेस्क्यू बोटीवर अनुभवी माणूस तेव्हा लागतो. पाळ्या महिने पाहून वाटा.

हिशेबनीस

पैशांबद्दल दोन गोष्टी. क्लब १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आहे आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेला आहे. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, वर्षाचे हिशेब तपासून घ्यावे लागतात. ही कामंसुद्धा हंगामाच्या तयारीतच येतात आणि वर्षानुवर्षं तेच दोन-तीन लोक करतात. ताई म्हणतात ते घरून करायचं काम हेच. फक्त ते श्रमदान म्हणून मोजलं जात नाही, ते मोजा.

सूट-रक्कम मला पटत नाही. ज्याला परवडतं तो सुटणार आणि ज्याला नाही तो घासकाम करणार, अशी दोन प्रकारच्या सदस्यांची विभागणी क्लबात नको.

आणि रेस्क्यू बोटीचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन या वर्षी बदलायलाच हवं. पुण्याच्या नळाला येणारं पाणी याच जलाशयातून येतं आणि टू-स्ट्रोकमधून न जळालेलं तेल पाण्यात जातं. सूट-रकमेवर वाद घालण्यापेक्षा फोर-स्ट्रोकसाठी विशेष वर्गणी काढू, मी पहिला भरतो.

सुकाणूधर

खलाशीकाकांचा मे महिन्याचा मुद्दा मान्य. फायबरचं काम व्यावसायिकांकडून, मे अखेरीस करून घेऊ आणि त्याचे पैसे नेहमीच्या वर्गणीतून जातील. ताईंचं म्हणणंही पटतं. पहिल्या पाळीआधी एक सकाळ शिकवणीची ठेवू.

पण रेस्क्यूच्या पाळीवर मी मागे हटणार नाही. इंग्लंडमधल्या पुष्कळ लहान क्लबांत प्रत्येक सदस्याला ही पाळी येते. जमत नसेल तर बदली माणूस स्वतः शोधायचा, एवढीच सवलत. इंजिनाचंही तेच. पावसाळ्यात टाकीत राहिलेलं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढून घेतं आणि कार्ब्युरेटर चोंदतो. इंजिन पाण्याच्या पिंपात चालवून थंडाव्याच्या पाण्याची धार बाहेर येते का ते बघायचं, नाही आली तर इम्पेलर, म्हणजे ते पाणी ओढणारं पंपाचं चाक, बदलायचा. पगारी चालकाला मदतीची हाक येते तेव्हा तो बोट चालवील, पण कुठलं मूल घाबरतं आणि कुठलं पोरगं उलटलेली बोट स्वतःच सरळ करून हसत बसतं, हे त्याला कसं कळणार?

हिंजवडी_ते_धरण

बदली माणूस शोधायची मुभा ठरावात लेखी असेल तर रेस्क्यूच्या पाळीला माझी हरकत नाही. खरं तर ते मला न्याय्य वाटतं. मेमधल्या फायबरच्या कामाबद्दलही समाधान आहे.

सप्टेंबरच्या तपासणीबद्दल मात्र मत तेच आहे. चार तास दोर बघितले नाहीत म्हणून कुणाला बोट नाकारणं चूक. ज्या बोटीवर जायचं ती निघण्याआधी स्वतः तपासून वहीत सही करायची, असा नियम करा. तो प्रत्येक रविवारी लागू राहील आणि तुम्हाला हवं तेच साध्य होईल. हा बदल ठरावात आला तर बाजूनं मत देईन, नाही तर विरोधात, आणि माझ्यासारखे आणखीही आहेत.

जुना_खलाशी

वहीची कल्पना चांगली आहे. पण आधी प्रत्येक नव्या सदस्याला कापसाचा बोळा फिरवायला कुणीतरी शेजारी बसवून शिकवलं पाहिजे, नाही तर सही होईल आणि तार तशीच राहील. ते शिकवणं सप्टेंबरातच होतं. तेवढी एक सकाळ सक्तीची ठेवा, बाकी वहीवर सोडा.